याकूतआत्याचं खोटं

माझी याकूतआत्या उत्तम खोटं बोलली होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या घराण्यात इतकी वर्षं याच्या नेमकं उलट सांगितलं जातं. इथं, इस्राएलमधल्या वाळवंटाच्या काठच्या या गावात, कुणाच्या लग्नाला किंवा मौतीला पनवेलची चार माणसं एकत्र आली की तिच्या मुलीच्या, लेयाच्या, मोडलेल्या लग्नाचा विषय निघतो, आणि कुणीतरी बशीतला चहा फुंकत म्हणतंच, "याकूतबाईला धड खोटंसुद्धा बोलता आलं नाही हो. नाहीतर पोरीचं कल्याण झालं असतं." मी तिथंच बसलेला असतो. तोंडात बिस्कीट असतं, ते चघळत राहतो. आता चावायला दात उरले नाहीत. राग मात्र होता तेवढा शिल्लक आहे. सगळ्यांत जास्त माझ्यावर, पण एकट्या माझ्यावर नाही, आणि आज मी कुणालाही सोडणार नाही.

माझ्या नातीला आमच्या लोकांच्या स्थलांतराची कहाणी लिहायची आहे. ती हिब्रूत कविता करते; मराठी तिला तोडकंमोडकं येतं. "आजोबा, आत्याच्या गाण्यापासून सुरू करा. ते गाणं फार सुंदर आहे," असं तिचं म्हणणं. तिनं ते ऐकलंय इथल्या मेंदीच्या कार्यक्रमात, भाड्यानं आणलेल्या हिरव्या साड्या नेसून लाउडस्पीकरवर म्हटलेलं. गलबतातून उतरले, घाणा चालवला, आणि एकदम विमानात बसले. सुंदर आहे यात शंका नाही. मधली कडवी काढून टाकली की पुष्कळ गोष्टी सुंदर होतात.

पनवेलला आमचं घर इस्राएल तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पुढं ओटी, मग माजघर, मागं परसू आणि परसात दोन खोल्या. पुढच्या घरात बाबा, आई आणि मी. मागच्या खोल्यांत बाबांची थोरली बहीण याकूतआत्या आणि तिची मुलगी लेया. आत्याचा नवरा, हारूनकाका, बैलगाडीची चाकं करणारा सुतार होता. तो वारल्यावर बाबांनी बहिणीला घरी आणलं. बाबा नगरपालिकेच्या नाक्यावर कारकून होते आणि आमच्या मशिदीचे मुकादम. प्रार्थनामंदिराला आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, मशीदच म्हणायचो. सिनेगॉग हा शब्द मी इंग्रजी पुस्तकातून उचलला आणि मग मशीद म्हणणाऱ्या आपल्याच माणसांना हसायला लागलो. त्या वयात मी पुष्कळांना हसायचो. मॅट्रिक होऊन शाळेत इंग्रजी शिकवत होतो, आणि आपण या गल्लीत चुकून जन्मलो आहोत अशी माझी खात्री होती.

घराला जाग यायची ती घणांच्या आवाजानं. मागच्या आळीत गाड्यांचे कारखाने होते. लाल तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवायची, घण घालून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. त्या पाण्याचा चर्र आवाज माजघरापर्यंत यायचा आणि आत्या हातातलं काम थांबवून क्षणभर ऐकायची. मग मिठागरांकडून येणाऱ्या गाड्या, मग कोनहून चालत आलेली चांगुणा मासळीवाली. ती दारातूनच ओरडायची, "आत्याबाय, बोय हाय ताजी! खवल्यांची हाय, तुमच्या देवाला चालतीय!" आम्हाला खवलं आणि पर असलेलीच मासळी चालते हे तिला आमच्यातल्या पोरांपेक्षा पक्कं माहीत होतं. कोळंबीची पाटी ती कोपऱ्यावर झाकून ठेवून यायची, "उगा तुमच्या सोलूच्या तोंडाला पानी नको सुटाया." सोलू म्हणजे मी. शुक्रवारी आई काळ्या मनुका भिजत घालायची, संध्याकाळी त्यांचं गोड पाणी पेल्यात ओतून बाबा आशीर्वाद म्हणायचे. मटण नारळाच्या दुधात शिजायचं, कारण मांसाबरोबर दूधदुभतं आमच्यात चालत नाही. आणि आत्याची सांदणं! तांदळाच्या रव्यात नारळाचं दूध आणि गूळ घालून वाफवलेली, बोटानं दाबली तर पुन्हा वर येणारी. इथं मी साठ वर्षं नारळ डब्यातून काढून खातोय. त्याविषयी न लिहिलेलं बरं.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून कडवी यायची, आणि एकदा आलेलं कडवं ती विसरायची नाही. आमच्या घराण्याची बखर म्हणजे ते गाणं. सुरुवात आमच्या सगळ्याच लोकांची होते तिथून, फुटलेल्या गलबतापासून.

गलबत फुटलं ग नवगावच्या खडकाशी,
वाचले ते आमचे, निजले ते वाळूपाशी.

मग तेलाचा घाणा, आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोकांनी दिलेलं शनवारतेली हे नाव.

शनवारी घाणा बंद, बैल बांधला गोठ्यात,
शेजीबाई पुसे, देव तुमचा कुठल्या देव्हाऱ्यात.

आणि मग ती स्वतः. आत्याचं पहिलं लग्न कोनला झालं होतं. त्या गावात आमच्या लोकांचं तेवढं एकच घर, तेल्याचं. नवरा दारू प्यायचा आणि घाण्याच्या लोखंडी पहारीनं मारायचा. दोन वर्षं तिनं काढली. एके दिवशी डोकं फुटलेल्या अवस्थेत ती गावच्या पारावर जाऊन बसली आणि म्हणाली, मी उठत नाही. आमचा धर्म जाणणारा काजी कुठं लांब, त्याला आणणार कोण? पाराभोवती आगरी पंच जमले. ते आपल्या लेकीसुनांचा न्याय करत तसाच त्यांनी हिचा केला: नवऱ्याला उभं केलं, एक काडी घेतली, दोघांच्या मध्ये धरून मोडली. नातं मोडलं. काडी मोडणारा पंच चांगुणाचा बाप. आमच्या आजोबांनी मुलीला घरी आणलं आणि पुढं हारूनकाकाशी तिचा पाट लावला. नवरीचं दुसरं लग्न म्हणून घोडा नाही, वाजंत्री नाही, पण मशिदीत, सगळ्यांच्या देखत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. धर्मशास्त्राप्रमाणे लिहिलेली सोडचिठ्ठी, जिला गेट म्हणतात, ती लागते हे आमच्या शंभरातल्या दोघांनाही ठाऊक नसेल. आम्ही कोकणात रुजलो होतो; शेजाऱ्याचा न्याय तो आमचा न्याय. आत्यानं ते असं गायलं:

पंचांनी मोडली काडी कोनच्या पारावरी,
याकूत मोकळी झाली, उभी आपल्या पायांवरी.

हारून सुतारानं पाट लावला उजेडात,
चाकाला जशी धाव तसा धरला माझा हात.

या कडव्यांची लाज वाटावी असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. गल्लीतल्या बायका मेंदीच्या दिवशी ती मुद्दाम म्हणायच्या. नवऱ्या मुलीला ऐकवायच्या, की बघ, वाईटातूनही असं चांगलं निघतं. खुद्द बाबा दाढी करताना काडीचं कडवं गुणगुणायचे. आज इथं कुणी ते म्हणत नाही.

लेयाचं लग्न पेणच्या मोशेशी ठरलं होतं. लेया मुंबईला नर्सिंग शिकून आलेली, हसरी, बोलायला फटकळ. मोशे मुंबईच्या गिरणीत फिटर होता. तो तिला मराठीत कविता लिहून पाठवायचा आणि ती त्या आईला वाचून दाखवायची. आत्या ऐकून म्हणायची, "पोरगा चांगला आहे, कविता वाईट आहेत. चालेल." मोशेचं सगळं घर इस्राएलला निघालं होतं, लग्न लावून सुनेला घेऊनच जायचं होतं. त्या दिवसांत प्रत्येक घरात तीच बोलणी. कोण गेलं, कोण निघालं, तिकडं थंडी किती, तिकडं भात मिळतो का.

आणि त्याच वेळी तो पाहुणा आला. परदेशातला विद्वान रब्बी. आमच्या लोकांची घरंदारं, चालीरीती पाहून तिकडं कळवायचं, असं त्याचं काम. नाव लिहीत नाही. माणूस मेला, त्याच्या मागच्यांनी माझं काही वाईट केलं नाही. मुकादमाचं घर म्हणून तो आमच्याकडे उतरला. आईनं तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासून लख्ख केली, आत्यानं सांदणं केली. पाहुण्यानं ट्रंकेतून स्वतःचं भांडं काढलं, त्यात स्वतः अंडी उकडली, केळी सोलली आणि हात जोडून हसला. आमच्या घरच्या भांड्यांत तो काही खाणार नव्हता. आई आत जाऊन रडली. चांगुणा ओसरीवरून बघत होती. "काय वं मुकादम, तुमच्या पाव्हन्याला तुमचाच इटाळ होतोय व्हय? आमी तर तुमच्या घरचं पानी पितो." बाबा तिच्यावर खेकसले. तिचं काय चुकलं होतं?

मी मात्र हवेत होतो. पाहुण्याला इंग्रजी येत होतं, मराठी नाही. पनवेलभर मी त्याचा दुभाषी म्हणून फिरलो. तो मला म्हणायचा, "तुझ्यासारखी माणसं आम्हाला तिकडं हवीत." मला तिकडच्या अध्यापक विद्यालयात जागा मिळवून देण्याचं त्यानं आपणहून कबूल केलं होतं. ज्यानं माझ्या आईचं अन्न नाकारलं त्याच्या एका वाक्यासाठी मी दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो.

लग्न रविवारी होतं. गुरुवारी, दिवे लागायच्या सुमाराला, परसात बायका लेयाला मेंदी लावत होत्या. पाहुणा, बाबा आणि मी ओटीवर. गाणं भिंतीआडून येत होतं. त्यानं कपाळाला आठी घालून विचारलं, "ही प्रार्थना आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, हा आमच्या घराण्याचा इतिहास आहे, माझ्या आत्यानं पद्यात रचलेला." आणि मला चेव आला. एकेक ओळ ऐकायची आणि तिचं इंग्रजी करायचं. गलबत, घाणा, गोठ्यातला बैल. तो मान डोलवत होता. काडीचं कडवं आलं, तेव्हा मी तेही केलं. त्याची मान थांबली.

"मग धर्माप्रमाणे सोडचिठ्ठी कुणी लिहिली?"

"लिहायची नसते, साहेब. काडी मोडतात," मी म्हटलं. आणि त्याला नीट समजावं म्हणून कोपऱ्यातल्या खराट्याचा एक हीर उपसून त्याच्या नाकासमोर मोडून दाखवला. कट्‌ असा आवाज झाला. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते माझ्याकडे कौतुकानं बघून हसत होते.

त्यानं मला सावकाश समजावून सांगितलं. गेट नाही म्हणजे पहिलं लग्न मोडलंच नाही. ते मोडलं नाही म्हणजे दुसरा माणूस नवरा नव्हे. आणि त्या दुसऱ्यापासून झालेली मुलगी... त्यानं एक हिब्रू शब्द वापरला. तो मी इथं लिहिणार नाही. लेयाच्या नावाशेजारी तो शब्द एकदा उच्चारला गेला तेवढा पुरे. अशा मुलीचं लग्न ज्यू मुलाशी लागू शकत नाही, तिच्या मुलांचंही नाही. "मुलाच्या वडिलांना उद्या सकाळी बोलावून घे," तो म्हणाला. "आणि तुझ्या आत्यालाही विचारू. गाण्यावरून निर्णय करता येत नाही." त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. त्याचाच मला आज जास्त संताप येतो. पुढं इथं येऊन मी शास्त्र वाचलं. जिथं घर उद्‌ध्वस्त होईल तिथं खणून विचारू नये, असं म्हणणारे आचार्य त्याच्याच ग्रंथांत आहेत. त्यानं ते वाचले नव्हते असं मी मानत नाही.

सकाळी पाहुणा मशिदीत गेल्यावर परसात बैठक बसली. रात्री मी घरात सगळं सांगितलं होतं; बाबांचा चेहरा काळवंडला होता. लेया आपल्या लाल हातांकडे बघत जात्याशेजारी बसली होती.

"अक्का," बाबा म्हणाले, "तू सांग, कोनला लग्न झालंच नव्हतं. नुसती सुपारी फुटली होती."

"आणि दोन वर्षं काय मी कोनला ती सुपारी चघळत होते?"

"अक्का, थट्टेची वेळ आहे का ही?"

"थट्टा तू चालवलीयेस, मुकादम. माझ्या डोक्यावर खोक आहे ती सुपारीची नाही."

चांगुणा पाटी उतरवून ऐकत उभी होती. तिच्यापासून काही लपवायची सोय नव्हती. ती म्हणाली, "मी येते साक्षीला. सांगते, माज्या बापानं काडी मोडलीच नाय."

"अगं बये, मग तर आणखीच घोटाळा!" बाबा ओरडले.

"बरं, मंग लगीनच नवतं जालं म्हनून सांगते. माजं काय जातंय? बाप मेला, पार ऱ्हायलाय, तो काय बोलतोय!"

आई म्हणाली, "वन्सं, लेयाकडे बघा. एक वाक्य बोलायचंय. मग जन्मभर जात्यावर हवं ते गा." आत्यानं लेयाकडे बघितलं. लेया म्हणाली, "आई, नको. ते तुझं आहे." आत्या उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "माझं आहे म्हणूनच टाकता येतं. दुसऱ्याचं असतं तर टाकलं नसतं."

बारा वाजायच्या आत पेणचे व्याही आणि मोशे येऊन ओटीवर बसले. पाहुणा खुर्चीवर. मी त्याच्या शेजारी, इस्त्रीच्या सदऱ्यात. आत्या माजघराच्या दारात उभी राहिली, तिच्यामागं अंधारात लेया. पाहुण्यानं विचारलं, मी मराठीत विचारलं: गाण्यातलं ते खरं का?

आणि आत्या बोलली. मी तो प्रत्येक शब्द देतो, कारण तो कुणी सांगत नाही. "पाव्हण्यांना सांग, सोलू. गाणं करायला विषय लागतो. माझं आयुष्य अळणी. एका सुताराशी लग्न झालं, तो मेला. याच्यावर किती कडवी होणार? दळण पायलीभर आणि गाणं चार ओळींचं. म्हणून मधे एक वाईट नवरा घातला. आमटीत तिखट घालतो तसा. बायकांना तो आवडतो. आमच्या गल्लीत चांगल्या नवऱ्याचं गाणं कुणी ऐकत नाही." व्याही खो खो हसले. मोशे हसला. बाबांचाही श्वास सुटला. मी भाषांतर केलं तेव्हा पाहुणासुद्धा हसला, पहिल्यांदाच दात दिसले त्याचे. लग्न तिथं वाचलं होतं. पहारीनं फुटलेलं डोकं, पारावरचा तो दिवस, आपल्या पायांवर उभं राहणं, सगळं तिनं एका आमटीच्या दाखल्यात बुडवून टाकलं होतं, हसत हसत, दाराला टेकून. तिचा आवाज कापला नाही. हे खोटं जमलं नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी असं बोलून दाखवावं.

पाहुणा माझ्याकडे वळला. "आईचं मन मी समजतो," तो म्हणाला. "पण तू शिकलेला आहेस. तुझा शब्द मी या सगळ्यांच्या वर धरतो. ती म्हणते ते खरं आहे का?"

फक्त हो म्हणायचं होतं. कोनची मासळीवाली जे फुकट करायला तयार होती ते मला करायचं होतं. पण काल मी दिमाखानं केलेलं भाषांतर आज एका बाईच्या बाजारगप्पा ठरत होतं, आणि त्याच्या नजरेत मीही त्या गल्लीतला एक ठरत होतो. मी म्हटलं, "नाही, साहेब. ती मुलीसाठी असं बोलते आहे. काडी मोडली होती. सगळ्या पनवेलला माहीत आहे."

इंग्रजीत म्हटलं. ओटीवर कुणाला कळलं नाही. पाहुण्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. "शाबास. प्रामाणिक माणूस आहेस." मग त्यानं निर्णय सांगितला आणि तो मराठीत सांगायचं कामही माझंच होतं: हे लग्न तिकडं मानलं जाणार नाही. व्याह्यांचं हसू मिटलं. "म्हणजे पाव्हण्यांना बाईचं बोलणं पटलं नाही तर," ते आत्याकडे बघून म्हणाले. मी काही बोललो नाही. आमच्या घराण्यातली ती दंतकथा त्या क्षणी जन्मली, आणि मी तिची सुईण झालो. मोशे उठून उभा राहिला, त्यानं बापाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि बापामागं पायरी उतरला. कविता करणारा माणूस एक वाक्यही बोलला नाही. माजघरातल्या अंधारात लेया उभी होती. मुंबईच्या इस्पितळात तीन वर्षं इंग्रजी मेट्रनच्या हाताखाली काढलेल्या मुलीला माझं इंग्रजी समजणार नाही, असं मी का धरून चाललो होतो कोण जाणे. तिनं आईचा हात धरला आणि तिला मागच्या खोलीत घेऊन गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी इंग्रजीत काय बोललो ते लेयाकडून घरात सगळ्यांना कळलं. बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत; तिसऱ्या दिवशी त्यांनी मशिदीत सांगितलं की अक्काला नीट बोलता आलं नाही. मुलाला तिकडं जागा मिळायची होती ना! आईनं मान खाली घालून त्याला दुजोरा दिला. हे दोघं माझे आईवडील, त्यांनी माझ्यासाठी खस्ता खाल्ल्या, आणि तरीही लिहितो: त्यांनी एका विधवेच्या माथ्यावर आपल्या मुलाचं पाप ठेवलं आणि शुक्रवारचा दिवा लावला. मी गेलो, शिकलो, मास्तर झालो. काही वर्षांनी आमचेच लोक इथं या शहाण्यांच्या दारात ठाण मांडून बसले, भांडले, आणि जे नियम दगडावरचे म्हणून सांगितले होते ते ढिले झाले. तोवर मोशेला मुलं झाली होती. लेयानं लग्न केलं नाही. अलिबागच्या दवाखान्यात तिनं हजारो बाळंतपणं केली, आणि आत्या वारली तेव्हा मला कळवण्याची तिला गरज वाटली नाही. मी तिला दोष देत नाही. इथल्या मेंदीत काडीचं कडवं गाळायची सूचना पहिल्यांदा कुणी केली, हेही सांगतो: मी. "तरुण मुलींसमोर नको," असं म्हणालो होतो.

पण मला लिहायचं आहे ते त्याच शुक्रवारच्या दुपारचं. सूर्यास्ताला लागणाऱ्या शब्बाथच्या आत मुंबईला पोचायचं म्हणून पाहुण्याचा टांगा दारात उभा होता. त्याची ट्रंक, त्याचं ते भांडं, सगळं मी उचलून ठेवलं. बाबा ओटीवर खांबाला धरून उभे. परसात जातं सुरू झालं. सणाचं दळण नव्हतं, लग्नाचं तर नव्हतंच. तरी जातं गरगरत होतं, आणि आत्याचा आवाज पुढच्या दारापर्यंत येत होता, मोठा, मुद्दाम वर काढलेला. नवं कडवं होतं. ते मी आजवर कुणाला ऐकवलं नाही. आता इथं उतरवतो, म्हणजे गाणं पुरं होईल:

खोटं मी बोलले ग लेकीच्या काळ्या मण्यांसाठी,
खरं बोलला सोलू पाव्हण्याच्या शाबाशीसाठी.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. बाबांनी डोळे मिटून घेतले. टांगेवाला माझं नाव ऐकून माझ्याकडे वळून बघायला लागला. पायरीवर एक पाय ठेवून पाहुणा थांबला, कान देऊन म्हणाला, "हे कालचंच का? काय म्हणते आहे ती?"

मी म्हटलं, "काही नाही, साहेब. दळताना म्हणतात. त्याला काही अर्थ नसतो."